घटक ४ : फळ, छाटणी आणि सोवळे : 'स्मृतिचित्रे'तील श्रद्धेची वाढ

४.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर ख्रिस्ती परंपरेतील 'फळ' या रूपकाचा अर्थ आपल्याला सांगता येईल आणि मराठी वाचकाला परिचित असलेल्या कर्मफळाच्या कल्पनेहून तो कोठे वेगळा आहे, हे स्पष्ट करता येईल. लक्ष्मीबाई टिळक यांच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात श्रद्धेची वाढ कशी चित्रित झाली आहे, याचे विवेचनही करता येईल.

४.२ प्रास्ताविक



कोल्हापूर जिल्ह्यातील हुपरी हे गाव चांदीच्या दागिन्यांसाठी, विशेषतः पैंजणांसाठी, सर्वदूर ओळखले जाते. तेथील एका संपर्कसत्रात आत्मचरित्र या वाङ्मयप्रकाराची चर्चा चालू होती. घरी पैंजणांना घुंगरू जोडण्याचे काम करणाऱ्या एका विद्यार्थिनीने मध्येच विचारले, "सर, चांदीचा टंच काढता येतो. माणसाने धर्म बदलला, तर तो आतून बदलला की नुसते नाव बदलले, याचा टंच कसा काढायचा?"

वर्गात हशा पिकला. प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. टंच म्हणजे धातूची शुद्धता. दोन पैंजण सारखेच चकाकतात, सारखेच वाजतात. एकात चांदी किती आणि दुसऱ्यात किती, हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही. त्यासाठी पारंपरिक पद्धतीत दागिन्याचा लहानसा तुकडा काढून तपासावा लागतो. म्हणजे त्या पद्धतीत काहीतरी गमावल्याशिवाय शुद्धतेची खात्री पटत नाही. त्या विद्यार्थिनीला हे रोजच्या व्यवहारातून माहीत होते. बायबलच्या जुन्या करारातील मलाखी या संदेष्ट्याच्या पुस्तकात देवाची तुलना रुपे गाळून शुद्ध करणाऱ्या कारागिराशी केलेली आहे, हे तिला माहीत असण्याचे कारण नव्हते. परंतु तिचा प्रश्न नेमका त्याच रूपकाच्या दाराशी येऊन थांबला होता.

ख्रिस्ती परंपरेने या प्रश्नाला उत्तर देताना रुप्याच्या जोडीला आणखी एक रूपक अधिक आवडीने वापरले. ते आहे झाडाचे आणि फळाचे. झाड कोणते, हे फळावरून ओळखावे, असा विचार येशूच्या शिकवणुकीत वारंवार येतो. प्रस्तुत घटकात आपण हे रूपक समजून घेऊन ते एका मराठी आत्मचरित्राला लावून पाहणार आहोत. येथे आपण धर्मोपदेश करणार नाही आणि त्याचे खंडनही करणार नाही. एका वाङ्मयकृतीचे वाचन करणार आहोत.

४.३ विषय विवेचन

४.३.१ 'फळ' : एक शब्द, दोन संस्कार

मराठी वाचक 'फळ' हा शब्द कोऱ्या मनाने वाचूच शकत नाही. गीतेच्या आणि ज्ञानेश्वरीच्या संस्कारामुळे फळ म्हणजे कर्त्याला मिळणारा मोबदला, हा अर्थ आपल्या मनात आधीच रुजलेला असतो. 'केल्याचे फळ मिळाले' असे आपण म्हणतो, तेव्हा फळ हे भोगायचे असते, चांगले किंवा वाईट. म्हणूनच फळाची आशा सोडावी, असा उपदेश त्या विचारातून निघतो.

ख्रिस्ती रूपकात फळाची दिशा उलट आहे. योहानकृत शुभवर्तमानाच्या १५ व्या अध्यायात येशू स्वतःला द्राक्षवेल म्हणवतो, शिष्यांना फाटे आणि देवाला माळी. फाट्याला लागलेले फळ फाटा खात नाही. ते माळ्याचे असते, वाटसरूचे असते, ज्याच्या हाती पडेल त्याचे असते. फाट्याने फक्त वेलीला धरून राहायचे. येथे फळाची आशा सोडण्याचा प्रश्न उद्भवत नाही, कारण ते मुळात फाट्याच्या भोगासाठी नाही. आपल्याकडील 'वृक्ष' आणि 'परोपकार' यांची जोडी सांगणारी सुभाषिते या कल्पनेच्या अधिक जवळची आहेत. तौलनिक अभ्यास करताना विद्यार्थ्यांनी गीतेतील फळाऐवजी त्या सुभाषितांकडे आधी वळावे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

पौलाने गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या ५ व्या अध्यायात हीच कल्पना पुढे नेली. प्रीतीपासून आत्मसंयमनापर्यंत नऊ गुण त्याने एकापुढे एक ठेवले आणि त्या सर्वांना मिळून आत्म्याचे फळ म्हटले. मूळ ग्रीक भाषेत येथे 'फळ' हा शब्द एकवचनी आहे. त्याआधी आलेली देहाची 'कर्मे' मात्र अनेकवचनी आहेत. भाषेच्या विद्यार्थ्याने हा वचनभेद नजरेआड करू नये. दोष सुटे सुटे असतात. गुण एकाच घडातील मण्यांप्रमाणे एकत्र वाढतात, असा त्याचा अर्थ अनेक भाष्यकारांनी लावला आहे. आणखी एक गोष्ट अशी, की या नऊ गुणांत चमत्कार, दृष्टांत, वक्तृत्व किंवा विद्वत्ता यांपैकी काहीही नाही. घरात, शेजारात, चुलीपाशी ज्यांची परीक्षा होते, असेच हे गुण आहेत.

४.३.२ छाटणी म्हणजे शुद्धी

द्राक्षाचे रूपक पॅलेस्टाईनमधील असले, तरी ते समजण्यासाठी आपल्याला फार दूर जावे लागत नाही. शेजारच्या सांगली जिल्ह्यात, तासगाव परिसरात, द्राक्षबागांचा व्याप मोठा आहे. तेथील बागायतदार वर्षातून दोनदा छाटणी करतात. थंड देशांत हिवाळ्यात वेल आपोआप विश्रांती घेते. आपल्या हवामानात ती तशी झोपत नाही, म्हणून ही पद्धत पडली आहे. एप्रिलच्या सुमारास होते ती खरड छाटणी. तिच्यात वेल जवळजवळ बोडकी केली जाते आणि त्या छाटणीपासून फळाची अपेक्षाच नसते. नवी काडी तयार व्हावी एवढाच तिचा हेतू. ऑक्टोबरच्या सुमाराला दुसरी छाटणी होते आणि तिच्यानंतर घड बाहेर पडतात. परंतु घड किती येणार, हे पुष्कळसे आधीच ठरलेले असते. खरड छाटणीनंतर साधारण दीड-दोन महिन्यांत काडीवरील डोळ्याच्या आत सूक्ष्म घडाची घडण होते. बाहेरून पाहणाऱ्याला त्या वेळी फक्त पाने दिसतात.

हा तपशील येथे मुद्दाम दिला आहे. आध्यात्मिक वाढीविषयी बोलताना आपण सहसा ऑक्टोबरचा विचार करतो, एप्रिलचा करत नाही.

योहानाच्या मूळ ग्रीक मजकुरात छाटण्यासाठी जे क्रियापद आले आहे, त्याचा दुसरा अर्थ 'स्वच्छ करणे, शुद्ध करणे' असा आहे. लगेच पुढच्या वाक्यात त्याच शब्दकुळातील 'शुद्ध' हे विशेषण शिष्यांना लावले आहे. म्हणजे शुद्ध होणे आणि छाटले जाणे या तेथे एकाच क्रियेच्या दोन बाजू आहेत. भट्टीत हीणकस भाग निघून गेल्यावरच रुपे शुद्ध होते, हे मलाखीचे रूपकही त्याच जातीचे आहे.

महाराष्ट्रातील एकोणिसाव्या शतकाच्या सोवळ्या घरांत शुद्धीची कल्पना याहून वेगळी होती. तेथे शुद्धी म्हणजे बाहेरचे आत येऊ न देणे. स्पर्श टाळणे, धुणे, वेगळे ठेवणे. द्राक्षमळ्यातील आणि भट्टीतील शुद्धी म्हणजे आपले स्वतःचे काही कमी होऊ देणे. 'स्मृतिचित्रे' हे पुस्तक एका शुद्धीकडून दुसऱ्या शुद्धीकडे झालेल्या प्रवासाची कथा आहे, असे म्हणता येते.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न : (१) कर्मफळ आणि आत्म्याचे फळ यांतील भेद आपल्या शब्दांत सांगा. (२) 'छाटणी' आणि 'शुद्धी' यांचा भाषिक संबंध कोणता?

४.३.३ पार्श्वभूमी : पहाट आणि त्यानंतरचा दिवस

मराठीतील ख्रिस्ती वाङ्मयाची परंपरा जुनी आहे. १५७९ मध्ये गोव्यात आलेले इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांचे ओवीबद्ध 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याचा परिचय आपण आधीच्या घटकात करून घेतला आहे. एकोणिसाव्या शतकात या परंपरेला आत्मकथनाची जोड मिळाली. बाबा पदमनजी हे मूळचे बेळगावचे. १८५४ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि १८८४ मध्ये 'अरुणोदय' हे आत्मचरित्र लिहिले. पुस्तकाच्या नावातच त्याची रचना दडलेली आहे. अंधार, शंका, वाचन, वादविवाद आणि शेवटी पहाट. धर्मांतर हा येथे बौद्धिक प्रवासाचा शेवट आहे.

पहाट झाली, मग दिवस कसा गेला? 'अरुणोदया'च्या रचनेला या प्रश्नाची विशेष निकड नाही. लक्ष्मीबाईंच्या लेखनात मात्र पहाटेला फारच थोडी जागा आहे. त्यांचे सारे लक्ष दिवसभराच्या कामाकडे आहे. पदमनजींचे पुस्तक महत्त्वाचे नाही, असा याचा अर्थ नाही. मराठी आत्मचरित्राच्या इतिहासात त्याचे स्थान पक्के आहे. पण आपल्या विषयाला लागणारे साहित्य 'स्मृतिचित्रे'त अधिक आहे.

४.३.४ लक्ष्मीबाई टिळक : धुण्यापासून वाढण्यापर्यंत

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ मध्ये नाशिकजवळच्या जलालपूर येथील गोखले घराण्यात झाला. माहेरचे नाव मनकर्णिका. त्यांच्या वडिलांचे सोवळे इतके कडक होते, की घरात येणारी वस्तू धुऊन घेतल्याशिवाय शुद्ध मानली जात नसे. लक्ष्मीबाई हे सारे विनोदाने सांगतात. परंतु त्या विनोदाखाली धाक आहे. पाण्याने सर्व काही शुद्ध होते, अशी श्रद्धा असलेल्या घरात माणसे मात्र सतत भीतीच्या छायेत वावरत असतात, हे वाचकाच्या हळूहळू ध्यानात येते.

वयाच्या अकराव्या वर्षाच्या सुमारास त्यांचा विवाह नारायण वामन टिळक यांच्याशी झाला. टिळक (१८६१–१९१९) कवी होते, विद्वान होते आणि संसाराच्या दृष्टीने कमालीचे बेभरवशाचे होते. घर सोडून निघून जाणे, हाती आलेला पैसा दुसऱ्याच कामी लावणे, क्षणात संतापणे आणि क्षणात विरघळणे, हे त्यांचे नेहमीचे. रेल्वेच्या प्रवासात एका गोऱ्या सहप्रवाशाशी त्यांचा संवाद झाला आणि त्याने त्यांच्या हाती नवा करार ठेवला, ही हकीकत प्रसिद्ध आहे. पर्वतावरील प्रवचनाने ते भारावले आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

येथे लक्ष्मीबाईंच्या जीवनातील खरड छाटणी सुरू होते. पती जिवंत असून पतीशी संबंध तुटलेला. माहेरचे लोक मायेने जपत होते, पण त्या जपण्यातही त्यांच्यावर पहारा होता. ही ताटातूट काही वर्षे टिकली. या भागात उपदेशाचे एकही वाक्य नाही. टिळकांच्या धर्मांतराचे समर्थन त्या करत नाहीत आणि स्वतःच्या दुःखाचे भांडवलही करत नाहीत. आपल्याला ते कृत्य त्या वेळी किती भयंकर वाटले होते, हे त्या प्रामाणिकपणे सांगतात. पुढे स्वतः ख्रिस्ती झालेल्या लेखिकेने जुन्या आपल्याला खोटे पाडले नाही. लेखनातील विश्वासूपणा म्हणतात तो हाच, असे आम्हाला वाटते. धर्मांतराच्या कथांत असा संयम विरळाच आढळतो.

पुढे त्या मुलासह टिळकांकडे अहमदनगरला गेल्या, त्या ख्रिस्ती होण्यासाठी नव्हे. त्यांनी आपले सोवळे बरोबर नेले. पतीच्या जवळ राहायचे, पण अन्नपाणी वेगळे ठेवायचे. एका छपराखाली दोन धर्म आणि दोन चुली, असा तो संसार होता. टिळकांनी बळजबरी केली नाही. भांडणे मात्र पुष्कळ झाली.

मग जातीविषयीचा तो प्रसिद्ध प्रसंग येतो. माणसामाणसांतील हे भेद देवाने केले की माणसाने, या विचाराने लक्ष्मीबाईंना एका रात्री झोप लागली नाही. पशुपक्ष्यांत, झाडाझुडपांत देवाने केलेले भेद दिसतात. ब्राह्मण आणि महार यांच्यात तसा भेद दिसत नाही. मग तो माणसानेच केला असला पाहिजे. एवढ्या सरळ तर्काने त्यांनी निर्णय घेतला आणि दुसऱ्या दिवसापासून कोणाच्याही हातचे खाण्यापिण्यास त्या तयार झाल्या. या प्रसंगात धर्मशास्त्राची वचने नाहीत, दिव्य प्रकाश नाही. वडिलांच्या घरात पाण्याने जे साधले नव्हते, ते एका जागरणाने साधले.

आता क्रम पाहा. हा निर्णय आधी झाला. लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा १९०० मध्ये, त्यानंतर झाला. आधी दीक्षा, मग वाढ, मग फळ, अशी आपली सोयीची समजूत असते. येथे फळ आधी दिसते आणि दीक्षा त्यामागून येते. अर्थात द्राक्षाच्या डोळ्यात घड कधी घडला होता, हे आपल्याला सांगता येत नाही. ताटातुटीच्या वर्षांत? दोन चुलींच्या दिवसांत? लेखिकाही ते सांगत नाही. तिला ते माहीत असल्याचा आव ती आणत नाही.

यानंतर टिळकांच्या घराची दारे उघडी झाली. अनाथ मुले आली, पाहुणे आले, निराधार आले. ज्या हातांनी पूर्वी स्पर्श टाळला, त्याच हातांनी आता कोणाकोणाच्या मुलांना न्हाऊमाखू घातले आणि पानावर वाढले. धुणे संपले नाही; त्याचा अर्थ बदलला. पूर्वी स्वतःला वाचवण्यासाठी पाणी वापरले जात होते, आता दुसऱ्याच्या अंगावरील घाण काढण्यासाठी. हे लेखिकेने कोठेही असे मांडलेले नाही. ते आपण दोन्ही प्रसंग शेजारी ठेवून वाचल्यावर कळते, आणि विद्यार्थ्यांनी आत्मचरित्र असेच वाचण्याची सवय लावून घ्यावी.

एक गोष्ट विशेष लक्षात घ्यावी. बाप्तिस्म्यानंतर लक्ष्मीबाई संत झाल्या नाहीत. नवराबायकोची भांडणे चालूच राहिली, पैशाची ओढाताण चालूच राहिली, त्यांच्या जिभेची धारही बोथट झाली नाही. स्वतःचा राग, हट्ट, फजिती त्या हातचे न राखता सांगतात. वाढ म्हणजे दोषांचा अभाव, असे मानणाऱ्या वाचकाची येथे निराशा होईल. परंतु फळांच्या बागेत काम केलेला माणूस निराश होणार नाही. एकाच घडात काही मणी पिकलेले आणि काही हिरवे असतात.

१९१९ मध्ये टिळकांचे निधन झाले, तेव्हा त्यांचे 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य अपुरे होते. शाळेचे शिक्षण न मिळालेल्या, विवाहानंतर लिहायला-वाचायला शिकलेल्या लक्ष्मीबाईंनी ते पुढे लिहून पूर्ण केले. उतारवयात 'स्मृतिचित्रे' लिहिले. ते १९३४ पासून चार भागांत प्रसिद्ध झाले. १९३६ मध्ये त्यांचे निधन झाले. मराठीतील सर्वश्रेष्ठ आत्मचरित्रांत आज त्याची गणना होते आणि त्याचे बहुसंख्य वाचक ख्रिस्ती नाहीत. फाट्याचे फळ कोण खाईल, हे फाट्याने ठरवायचे नसते, असे जे वर म्हटले, त्याचे याहून चांगले उदाहरण शोधावे लागेल.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न : (१) लक्ष्मीबाईंनी आपल्या धर्मांतरापूर्वीच्या भावना कशा प्रकारे मांडल्या आहेत? (२) जातिभेदाविषयीचा निर्णय आणि बाप्तिस्मा यांचा क्रम महत्त्वाचा का ठरतो?

४.३.५ दोन आक्षेप

या वाचनावर दोन आक्षेप घेता येतात आणि ते गंभीरपणे घ्यावयास हवेत.

पहिला असा, की लक्ष्मीबाईंचा बदल हा श्रद्धेचा नसून पातिव्रत्याचा आहे. नवरा गेला त्या वाटेने बायको गेली. त्या काळातील स्त्रीपुढे दुसरे पर्याय थोडेच होते, हे खरे आहे. पण केवळ अनुसरणच करायचे असते, तर १८९५ मध्येच ते झाले असते. लक्ष्मीबाईंनी जवळजवळ पाच वर्षे घेतली, वेगळी चूल मांडली, भांडल्या आणि जातीचा निर्णय स्वतःच्या डोक्याने केला. तरीही पतीवरील प्रेम आणि ख्रिस्तावरील श्रद्धा यांचे धागे त्यांच्या जीवनात पूर्णपणे वेगळे करता येत नाहीत. ते वेगळे करण्याचा हट्ट समीक्षकाने धरू नये.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. अनाथांना घरी घेणे, जातिभेद टाकणे ही फळे ख्रिस्ती वेलीलाच लागतात, असे थोडेच आहे? वारकरी संतांनी हे सांगितले होते. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापून ते कृतीत आणले होते. हा आक्षेप मान्य करावा लागतो. आणि गंमत अशी, की तो मान्य करण्यास स्वतः रेव्हरंड टिळक सर्वांत आधी तयार झाले असते. तुकारामांच्या अभंगांचे ऋण त्यांनी मोकळेपणाने मानले. भजन आणि कीर्तन ही येथील रूपे त्यांनी ख्रिस्ती उपासनेत आणली. मिशनच्या परकीय वळणाविषयी ते असमाधानी होते. १९१७ मध्ये त्यांनी 'देवाचा दरबार' ही कल्पना मांडली, तेव्हा बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तीत स्थान होते. कोणत्या कुंपणाच्या आत झाड उभे आहे, यापेक्षा त्याला काय लागले आहे, याकडे पाहण्याची ही वृत्ती होती. रूढ धर्मसंस्थेला ती अडचणीची वाटावी, यात नवल नाही. तुमचे मत काय, हे स्वाध्यायात अवश्य लिहा. येथे एकच उत्तर अपेक्षित नाही.

४.४ शब्दार्थ

टंच : धातूच्या शुद्धतेचे प्रमाण.
हीण : चांदी-सोन्यात मिसळलेला हलका धातू.
खरड छाटणी : द्राक्षवेलीची एप्रिलच्या सुमाराची, नवी काडी तयार करण्यासाठी केलेली छाटणी.
बाप्तिस्मा : ख्रिस्ती मंडळीत प्रवेश देणारा जलसंस्कार.

४.५ सरावासाठी स्वाध्याय

(अ) 'अरुणोदय' आणि 'स्मृतिचित्रे' यांतील धर्मांतराच्या चित्रणाची तुलना करा.
(आ) 'सोवळ्याची शुद्धी आणि छाटणीची शुद्धी' या भेदाच्या आधारे लक्ष्मीबाई टिळकांच्या व्यक्तिमत्त्वाचा विकास स्पष्ट करा.
(इ) 'देवाचा दरबार'मागील भूमिका सांगून तीविषयी आपले मत मांडा.

४.६ क्षेत्रीय कार्य

कोल्हापुरात अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर यांनी १८५२ मध्ये कार्य सुरू केले आणि मिरजेत डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये रुग्णालय उभे केले. या परिसरात अनेक पिढ्यांपासून राहणारी मराठी ख्रिस्ती कुटुंबे आहेत. त्यांपैकी एखाद्या कुटुंबातील वडीलधाऱ्या व्यक्तीला, त्यांची परवानगी घेऊन, भेटा. त्यांनी धर्म का स्वीकारला, हे विचारू नका. तो निर्णय बहुधा त्यांच्या पणजोबांचा असेल. त्यांच्या घरात कोणाला नेहमी जेवायला बोलावले जात असे, कोण येऊन राहत असे, भांडण झाले तर ते कसे मिटत असे, हे विचारा. त्यांच्याच शब्दांत टिपून घ्या. मग तेच प्रश्न स्वतःच्या आजीला किंवा आजोबांना विचारा, मग आपला धर्म कोणताही असो. दोन्ही टिपणे शेजारी ठेवून चार पानांचा अहवाल लिहा आणि पुढील संपर्कसत्राला बरोबर आणा.